खळमावशींचं पहिलं पान

खळमावशी पान डोळ्यांनी तपासायच्या नाहीत. पान चिकटवून, वाळून तयार झालं की त्या चष्मा काढून केसांत खोचायच्या, डोळे गच्च मिटायच्या आणि उजव्या हाताचा तळवा पानावरून आधी वरून खाली आणि मग डावीकडून उजवीकडे असा सावकाश फिरवायच्या. मी समोर श्वास रोखून बसलेली असायची. शाळेत गणिताचे तपासलेले पेपर वाटायचे तेव्हा जशी बसायची, तशीच वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. हात कुठे थांबला की संपलंच. "हितं फुगलंय," असं म्हणून त्या बोट ठेवायच्या, आणि मला भिंग लावूनही तिथे काही दिसायचं नाही. हात न अडखळता खालच्या कडेपर्यंत पोचला, तर मात्र त्या डोळे उघडायच्या, चष्मा नाकावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता बघू कसं दिसतंय ते."

ही सवय छापखान्यातली. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी बावीस वर्षं पानं जुळवली होती. छापलेल्या मजकुराच्या पट्ट्या आणि फोटो कातरायचे, मोठ्या कागदावर मापात चिकटवायचे, मग त्या अख्ख्या कागदाचा कॅमेऱ्याने फोटो काढून त्यावरून छपाई व्हायची. एखाद्या तुकड्याची कड केसभर जरी वर राहिली, तरी तिची सावली पडायची आणि पानावर काळी रेघ छापून यायची. पुढे कॉम्प्युटर आले, पानं पडद्यावर जुळू लागली आणि मावशी घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, परळच्या त्यांच्या चाळीतल्या पोरांच्या प्रोजेक्टच्या वह्या, मंडळाचे अहवाल, एप्रिलमधल्या जयंतीचे निळे फलक, सगळं त्यांच्याकडे येऊ लागलं. खळ त्या घरीच शिजवायच्या. ज्याला काही चिकटवायचं असेल तो वाटी घेऊन त्यांच्या दारात उभा. म्हणून त्या खळमावशी. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळायला नको होतं अशा ठिकाणी कळलं.

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती भीतीपोटी. फणसवाडीत आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी फोर्टमध्ये विमा कंपनीच्या कचेरीत, बाबा सरकारी नोकरीतून कधीचे निवृत्त. त्यांना काचबिंदू होता. दिवसातून तीनदा थेंब, त्यासाठी माझ्या फोनवर तीन गजर, आणि तरीही दर तपासणीला डॉक्टर तेच सांगायचे, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती जपू." आहे ती म्हणजे किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. दिवाळीनंतर बाबांची पंचाहत्तरी होती. मी मनाशी ठरवलं, त्यांच्या आयुष्याचं एक पुस्तक करायचं. फोटो, तिकिटं, पत्रं, आईच्या चिठ्ठ्या, सगळं एका जागी. आणि ते त्यांच्या हातात द्यायचं, त्यांना दिसतंय तोवर. हातात नऊ महिने होते, आणि रोज सकाळी उठल्यावर मी ते पुन्हा मोजायची.

सुरुवात मी केली ती दादरच्या एका हॉबी क्लासात. तिथे विशीतल्या पाच मुली, रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं आणि डब्बे भरभरून स्टिकर. शिकवणारी मुलगी गोड होती. "तुमचा कॉन्सेप्ट काय आहे, मॅडम?" तिने विचारलं. "माझे वडील," मी म्हटलं. तिने मला फुलपाखरं दिली. दोन तास खपून मी पान केलं. मधोमध टेबलाशी बसलेले बाबा, हातात फाईल, आणि भोवती पाच फुलपाखरं. लांब धरून बघितलं तर बारशाचं आमंत्रण वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही.

त्याच संध्याकाळी क्लासच्या खालच्या कागदाच्या दुकानात मी जाड कागद बघत होते. शेजारी एक ठेंगणी, सावळी, पांढऱ्या केसांची बाई डोळे मिटून अंगठ्याने कागद चोळत उभी होती. डोळे न उघडताच ती मला म्हणाली, "तो गुळगुळीत नको घेऊ. दोन पावसाळ्यांत पिवळा पडंल. कशाला पायजेल?"

"स्क्रॅपबुक करायचंय."

"कुणाचं?"

"वडिलांचं."

"गेले?"

"नाही हो!" मी इतक्या जोरात ओरडले की दुकानदार वळून बघायला लागला.

"मग रडतेस कशाला?" त्यांनी विचारलं, आणि तेव्हा मला कळलं की मी रडत होते. त्यांनी माझ्या हातातलं फुलपाखरांचं पान घेतलं, त्यावरून हात फिरवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "शनिवारी परळला ये. येताना मैदा आण."

तिथून पुढे दर शनिवारी मी त्यांच्या खोलीत. पहिले तीन शनिवार त्यांनी मला कात्रीला हात लावू दिला नाही, नुसती खळ शिजवायला लावली. मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आच ठेवायची, एकाच दिशेने ढवळायचं, आणि उतरवताना झुरळ-कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ऐकायला काय सोपं! माझ्या खळीत दर वेळी गुठळ्या. "गॅस वाढवलास ना?" मावशी पाठ करून बसल्या असल्या तरी त्यांना कळायचं. "किती सांगायचं तुला? घाई केलीस. म्हणून गुठळी." मी म्हणायची, "पण मावशी, बाजारात तयार डिंक मिळतो, ट्यूबमधला. त्याने पटकन..." त्यावर त्यांनी एकदाच नीट सांगितलं होतं. खळीने लावलेलं ओल्या फडक्याने सोडवता येतं. बाजारच्या डिंकाचं लावलेलं फाटूनच निघतं. "चूक तर होनारच ना गं. ती सोडवता यायला पायजेल."

मला त्यांनी नावही ठेवलं होतं. माझ्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'नाहीतर' यायचं. हा फोटो आजच लावू या, नाहीतर हरवेल. खिडकी लावू का, नाहीतर उडेल. लवकर निघते, नाहीतर बाबांच्या थेंबांना उशीर होईल. चौथ्या शनिवारी मी जिना चढत होते तर वरून आवाज आला, "आली गं आमची नाहीतरबाई, चहा ठेव." चहा ठेवायला सांगितलं होतं ते सुजाताला, त्यांच्या सुनेला. ती पदराआड हसली. मीही हसले, पण चपला काढताना माझ्या मनात तेच होतं, की गॅसचा खटका बंद करून निघाले का.

पान कसं मांडायचं, हे मात्र त्या इतक्या साधेपणाने शिकवायच्या की मला क्लासातल्या सगळ्या रिळांची कीव आली. आधी समास सोडायचा, मग बाकीचं. एका पानावर एकच गोष्ट सांगायची, दुसरी सांगावीशी वाटली तर दुसरं पान घ्यायचं. मोठी वस्तू बरोब्बर मधोमध ठेवायची नाही. आणि माणसाचा चेहरा पानाच्या आत बघणारा हवा. "भायेर बघनारा मानूस पानातनं निघून जातो," त्या म्हणायच्या. आमच्या बाबांना फोटोत उजवीकडे बघायची भारी खोड. त्यामुळे त्यांचे सगळे फोटो डाव्या पानावर गेले, नाहीतर ते पुस्तकाबाहेरच गेले असते.

मांडलेलं त्या लगेच चिकटवू द्यायच्या नाहीत. फोटो, तिकिटं, चिठ्ठ्या पानावर ठेवून त्यावर वजनाला वालाचे दाणे ठेवायच्या, आणि पान तसंच कपाटावर एक अख्खा दिवस. दुसऱ्या दिवशी बघितलं की आपोआप दोन गोष्टी जास्तीच्या वाटायच्या आणि काढल्या जायच्या. एखादा फोटो मिळायचा असेल, तर त्या जागी पेन्सिलीने चौकट आखून ठेवायच्या. छापखान्यातही तसंच असे. फोटोवाला उशीर करायचा म्हणून पान अडायचं नाही, आणि त्याची जागा दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही. आणि पहिलं पान? ते सगळ्यात शेवटी. "पेपराचं पहिलं पान शेवटी लागतं. आतलं सगळं जुळल्याबिगर भायेर काय लावायचं ते कसं कळनार?"

ह्या सगळ्यात मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली. बाबांच्या डोळ्यांचं मी त्यांना सांगितलंच नाही. पंचाहत्तरी आहे, म्हणून घाई आहे, एवढंच. का नाही सांगितलं? मोठ्याने बोललं की ते खरं होईल, अशी माझी समजूत. हसण्यासारखी आहे, पण होती.

आणि मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "अलू, लाईट गेलेत का गं?"

खिडकीतून ऊन थेट त्यांच्या मांडीवर पडलं होतं. बाबांच्या हातात वर्तमानपत्र होतं, पण ते उलटं नव्हतं, सुलटंच होतं, आणि मी वेड्यासारखी त्याच गोष्टीला धरून बसले. सुलटं आहे म्हणजे दिसत असणार. "हो, बाबा, गेलेत," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट खोटं.

त्या दिवशी मी कचेरीत गेले नाही. मावशींच्या हाताखाली तयार झालेली अकरा पानं माझ्याकडे होती. मला एकच सुचलं, की आता ही पानं तरी सांभाळली पाहिजेत, कायमची पक्की केली पाहिजेत. आणि आमच्या घरात एखादी गोष्ट पक्की करायची म्हणजे काय करतात? लॅमिनेशन! बाबांनी उभ्या आयुष्यात हातात आलेला प्रत्येक कागद लॅमिनेट केला होता. रेशन कार्ड, माझ्या दहावीची गुणपत्रिका, आईच्या हातची मेतकुटाच्या प्रमाणाची चिठ्ठी, एवढंच काय, एका लग्नातल्या जेवणाच्या मेन्यूचं कार्डही, कारण जिलबी छान होती. पुसता येतं, फाटत नाही, कसर लागत नाही. आम्हा कारकुनांच्या घरातला हा धर्मच. मी अकराच्या अकरा पानं पिशवीत घातली आणि दादरला लॅमिनेशनवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "मॅडम, यात जाड आहे काही काही, चालेल?" मी म्हटलं, "चालेल, पण लवकर करा."

तापलेल्या रुळांतून पानं एकेक करून बाहेर आली. आईच्या गजऱ्याची वाळलेली फुलं काळी पडली होती. खळ जिथे जाड होती तिथे पिवळे फोड आले होते. बाबांच्या कोटाचं बटण फुटलं होतं. मी ते सगळं तसंच परळला नेलं आणि मावशींच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, हात फिरवला. पहिल्याच पानावर हात सटकन खाली गेला. दुसऱ्यावरही. कुठेच थांबायला काही नव्हतं. अकरा पानं झाली. मावशी ओरडतील म्हणून मी खांदे आवळून बसले होते. त्या ओरडल्या नाहीत. "आता हे कुनालाच सोडवता यायचं न्हाई," एवढंच हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "का केलंस, बाय?"

आणि मी सांगितलं. थेंब, गजर, डॉक्टर, लाईट गेलेत का, सगळं. रडत, नाक पुसत, मध्ये मध्ये 'नाहीतर' घालत. सुजाताने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती दार ओढून बाहेर गेली. मावशींनी माझ्या पाठीत एक चांगला सणसणीत धपका घातला.

"अगं मूर्ख! आंधळा होनाऱ्या मानसासाठी मी आठ म्हैने पानं सपाट करून ऱ्हायले? आधी सांगायला काय झालं होतं तुला?" त्यांनी ती अकरा पानं बाजूला सारली. "उद्यापास्नं सगळं उलटं करायचं. काय दाबायचं न्हाई. जे उचलून येतंय ते उचलू द्यायचं. कागद पांढराच घे, रंग कुनासाठी आता?"

रविवारी त्या फणसवाडीत आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. बाबांना तोवर समोर कुणीतरी उभं आहे एवढंच कळायचं. मी ओळख करून द्यायच्या आत मावशी त्यांच्यासमोर पाट ओढून बसल्या. "दादा, हात द्या बघू." बाबांनी निमूटपणे हात पुढे केला. मावशींनी तो कागदावर ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली. बाबांना गुदगुल्या झाल्या.

"कशाला हो हे?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक तुमच्या हाताच्या मापाचं करायचंय. डोळ्याचं माप चुकलं आमचं."

बाबांना माझ्या पुस्तकाचं काहीच माहीत नव्हतं, ते त्या क्षणी कळलं. मग म्हणाले, "अलूने सांगितलं का तुम्हाला, मला दिसत नाही म्हणून?"

"सांगितलं. आठ म्हैन्यांनी."

"मला तर तिने अजून सांगितलेलं नाही," बाबा म्हणाले. "परवा लाईट गेलेत म्हणाली. अहो, डोक्यावर पंखा फिरत होता, मला वारा लागत होता." आणि दोघं हसली. मी तिथून उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पंचाहत्तरीच्या आधी तीन आठवडे बाबांची नजर पूर्ण गेली. ज्यासाठी मी आठ महिने धावत होते ती गोष्ट मी हरले. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला पुस्तकाचा रागच आला होता. पण शनिवार आला की पाय परळला जायचे. मावशी आता स्वतःच्याच हाताशी भांडत होत्या. आईच्या शालूच्या जरीकाठाचा तुकडा लावताना त्यांचा अंगठा सवयीने तो दाबायला जायचा, आणि त्या स्वतःलाच शिव्या घालून हात मागे घ्यायच्या. बाबांचा एक जुना मित्र कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहतो. त्याच्या फोटोच्या जागी मी त्याच्याकडून जाळ्याचा वीतभर तुकडा आणला. मावशींनी तो धुतला नाही. "वास गेला तर मानूस गेला," म्हणाल्या. आई दर रविवारी भायखळ्याच्या मंडईत जायची, त्या भाजीच्या पिशवीचं जाडंभरडं कापड आलं. कचेरीच्या टेबलाची किल्ली आली. एका पानावर नुसत्या दोऱ्याच्या गाठी होत्या, एका ओळीत पाच, कारण आमच्या चाळीच्या जिन्याला पाच पायऱ्यांनंतर वळण आहे आणि बाबा चढताना त्या मोजायचे.

तयार झालेली पानं मी सुटी सुटी घरी आणायची आणि बाबांच्या हाताखाली ठेवायची. शनिवारी संध्याकाळी त्यांना मावशींची नक्कल करून दाखवायचा माझा नेमच झाला होता. आवाज, चष्मा कसा केसांत खोचतात आणि डोळे मिटतात ते सांगून, 'घाई केलीस, म्हणून गुठळी', सगळं. थोड्या दिवसांनी एक गंमत लक्षात आली. बाबा पानावर हात फिरवून सांगायचे, "हे त्यांनी केलेलं. हे तू."

"कसं कळलं?"

"तुझ्यात गुठळ्या आहेत."

पंचाहत्तरीला पुस्तक पुरं झालं नव्हतं. आतली सगळी पानं झाली होती, बांधणी आणि पहिलं पान राहिलं होतं. "ते मी करीन," मावशी म्हणाल्या होत्या. "तू मधी मधी करू नको." पानांचा गठ्ठा त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या आठवड्यात सुजाताचा फोन आला. मावशी मोरीशी पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. मी धावत इस्पितळात गेले. पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर त्यांचं नाव लिहिलं होतं, शेवंता. नऊ महिने ज्यांच्या घरी चहा प्यायले, त्यांचं नाव मी तिथे वाचलं. मावशींनी मला बघितलं आणि ओठ हलवले. मी वाकले. "गॅस बंद केलास का?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच्याच विनोदावर त्या बारीकसं हसल्या. अकराव्या दिवशी छातीत कफ होऊन त्या गेल्या.

महिनाभराने सुजाताने मला बोलावलं. पुस्तक बांधून तयार होतं, पडायच्या आदल्या दिवशीच त्यांनी ते पुरं केलं होतं. ज्या फडक्याने त्या जास्तीची खळ टिपायच्या, जुन्या लुगड्याचं ते मऊ फडकं, त्यातच पुस्तक गुंडाळलं होतं. खळ वाळून त्याचं एक टोक कडक झालं होतं. मी जिन्यातच पुस्तक उघडलं. पहिलं पान कोरं होतं. मी पटकन मिटलं. वाटलं, राहिलंच. ते एक पान राहिलंच, आणि आता ते कोण करणार? बाबांना पुस्तक देताना मी पहिलं पान उलटूनच दिलं. "इथून सुरू होतं," मी सांगितलं. फडकं कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं.

बाबा रोज पुस्तक वाचायचे. वाचायचे असंच म्हणते मी. जाळ्यापाशी थांबायचे, जिन्याच्या गाठी मोजायचे, आईच्या काठावर बोट ठेवून बसायचे. मी कचेरीतून आले की सांगायचे, आज कुठल्या पानावर होतो ते. एक दिवस मी डाळ धूत होते आणि त्यांनी आतून विचारलं, "अलू, अगदी पहिल्या पानावर काय आहे गं?"

माझा हात पाण्यात थांबला. "काही नाही, बाबा. कोरं राहिलं ते. मावशी गेल्या ना."

"कोरं कुठंय? चौकट आहे की."

मी ओल्या हातांनी बाहेर आले. मला पांढरं पान दिसत होतं, बाकी काही नाही. पुस्तक उचलून खिडकीशी नेलं आणि तिरपं धरलं, तेव्हा दिसली. त्याच पांढऱ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी, चारी बाजूंनी, आत जागा मोकळी. इतकी बेमालूम दाबलेली की सावलीसुद्धा पडत नव्हती. छापखान्यातला बावीस वर्षांचा हात. मी दीड महिना ते पान चुकवत होते आणि ते कोरं नव्हतंच. बाबांनी पुस्तक परत मागून घेतलं आणि चौकटीत तळवा ठेवला. बरोब्बर मावला.

"फोटो यायचाय," मी म्हटलं. "फोटो यायचा असला की त्या चौकट ठेवायच्या."

"कुणाचा?"

ते त्यांनी सांगितलेलं नव्हतं. पण पुस्तकात सगळे होते, एकट्या त्याच नव्हत्या, म्हणून मी फोन घेऊन मावशींचा फोटो शोधू लागले. नऊ महिन्यांत मी पानांचे शेकडो फोटो काढले होते. मावशींचा एकही नव्हता. दोन फोटोंत कोपऱ्यात त्यांची बोटं होती, तेवढीच. मला इतकं लाजल्यासारखं झालं! बाबा म्हणाले, "अगं, फोटो मला काय करायचाय? त्यांचं दुसरं काही नाही का तुझ्याकडे?"

मी कपाटातून फडकं काढलं. चौकटीच्या मापाचं कापलं, कडक टोक मुद्दाम आत ठेवलं. पानावर मांडून त्यावर वालाचे दाणे ठेवले आणि एक दिवस हात लावला नाही. मला कसं जमलं कोण जाणे, पण नाही लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच एकटीने खळ शिजवली. शेवटी शेवटी गॅस जरा वाढवला, हे कबूल करते. चिकटवलं, वर पाट आणि पितळेचा डबा ठेवला, आणि वाळल्यावर पुस्तक बाबांच्या मांडीवर दिलं.

बाबांनी काळा चष्मा काढला. डोळे मिटले. त्यांना मिटायची गरज नव्हती, तरी मिटले. तळवा वरून खाली नेला, मग डावीकडून उजवीकडे. मी समोर श्वास रोखून बसले. पानाच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात हात थांबला.

"इथे गुठळी आहे, अलू," बाबा म्हणाले. "घाई केलीस."

मी हसायला लागले, आणि हसताना कधी रडायला लागले ते कळलं नाही. "सोडवू का?" मी विचारलं. "ओल्या फडक्याने सुटेल. परत लावते."

त्यांनी बोट तिथून उचललं नाही.

"नको, राहू दे," ते म्हणाले. "दोघीही आहात असं कळतं हाताला."